सप्रेम भेट

दुपारी झोप येईना म्हणून मोबाइलवर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयातली चांदी बघत पडले होते. बघायला पैसे पडत नाहीत. त्यात एक कॉफीपॉट दिसला. १६८१-८२ सालचा, जॉर्ज गार्थॉर्न नावाच्या कारागिराचा. वर निमुळता होत गेलेला, उंच. कानाला चामडं मढवलेलं, कारण चांदीइतकी झटकन उष्णता हाताशी पोचवणारा दुसरा धातू नाही. आणि पोटावर चक्क कोरलेलं, की ही रिचर्ड स्टर्न यांची ऑनरेबल ईस्ट इंडिया कंपनीस भेट.

मला हसू फुटलं. म्हणजे तेसुद्धा भांड्यावर नाव घालत होते!

लग्नसराईत बाबांबरोबर भांड्यांच्या दुकानात जायचं ते मी त्या मशीनसाठी. गल्ल्याशेजारी स्टुलावर एक माणूस बसलेला असे. बाबा चिठ्ठीवर मजकूर लिहून देत. तो ती एकदाच वाचे, तांब्या मांडीत घट्ट धरे आणि घर्रर्र करत बारीक टिंबांची अक्षरं उमटवत जाई. दातांत शिरशिरी यायची, तरी मी कान झाकत नसे. जागा संपत आली की ‘सप्रेम’ भरघोस आणि ‘भेट’ कोपऱ्यात चेंगरलेलं. आई म्हणायची, नाव कशाला घालायचं, उद्या त्यांना कुणाला द्यावंसं वाटलं तर? बाबा म्हणायचे, म्हणूनच घालायचं.

आमच्याकडेही द. गो. आणि त्यांच्या सौभाग्यवतींनी दिलेल्या वाट्या होत्या. हे द. गो. कोण, ते आईलाही सांगता येत नसे. शिकरण मात्र त्यांच्याच वाट्यांत व्हायचं. अजूनही कुणाकडे जेवायला गेले की वाटी रिकामी झाल्यावर मी ती हळूच कलती करून वाचते. वाईट सवय आहे. एकदा आमटी पुरती संपायच्या आत कलती केली होती, ते जाऊ दे.

तर कंपनीकडे याच्याही आधीचं एक भांडं होतं, लॉर्ड बर्कली यांनी १६७० साली दिलेलं. तेही त्याच संग्रहालयात आहे. दिसायला हुबेहूब कॉफीपॉट, तसंच उंच, तसंच निमुळतं. पण त्यावरच्या मजकुरात स्पष्ट म्हटलंय की ही चांदीची चहाची किटली आहे. चहाची किटली बुटकी आणि गोल, कॉफीची उंच, हे तेव्हा अजून ठरायचं होतं. तो मजकूर नसता, तर पोटात चहा वागवलेल्या त्या बिचारीला सगळ्या जगाने कॉफीपॉट ठरवून टाकलं असतं. बाबांना हे सांगायला हवं होतं.

देणाऱ्याचं नाव असं पोटावर मिरवतं. घडवणाऱ्याचं कुठे, तर शिक्क्यांच्या गर्दीत. कस सांगणारा सिंह, लंडनची खूण म्हणून बिबट्याचं डोकं, सालाचं एक अक्षर आणि त्यांच्या शेजारी कारागिराची आद्याक्षरं. हेस्टर बेटमन या बाईने नवऱ्यामागे धंदा हाती घेतला आणि १७६१ साली स्वतःचा शिक्का नोंदवला. तिला लिहितावाचता येत नव्हतं. तिच्या कॉफीपॉटांवरची ती दोन वळणदार अक्षरं आज लोक भिंग लावून शोधतात.

मला मात्र जास्त ओढ अमेरिकेतल्या बॉस्टनच्या पॉल रिव्हिअर या चांदीच्या कारागिराची. १७७३ साली डॉ. विल्यम पेन यांच्या लग्नासाठी त्याने चहा-कॉफीचा पंचेचाळीस नगांचा चांदीचा संच घडवला. त्यावर चिन्ह कोरलंय ते वधूच्या माहेरचं, ऑर्न घराण्याचं. (आमच्या आजीला हे फार आवडलं असतं.) त्याच डिसेंबरात रिव्हिअर इंग्रजांच्या चहावरच्या करावर चिडून चहाच्या पेट्या बॉस्टनच्या बंदरात फेकणाऱ्यांत सामील झाला. पेनसाहेब इंग्लंडच्या राजाच्या बाजूचे निघाले, त्यांना देश सोडावा लागला. संच मागे राहिला, आता तो वूस्टरच्या संग्रहालयात आहे.

हाच रिव्हिअर अधूनमधून लोकांचे खोटे दातही तारेने बसवून देई. त्याचा मित्र डॉ. जोसेफ वॉरन जून १७७५ मध्ये इंग्रजांविरुद्ध बंकर हिलच्या लढाईत पडला आणि तिथेच पुरला गेला. पुढच्या वसंतात इंग्रज बॉस्टन सोडून गेल्यावर ते प्रेत उकरलं, तेव्हा चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. रिव्हिअरने जबड्यातली तार पाहिली आणि वॉरनच आहे म्हणून सांगितलं. तारेवर अर्थातच काही कोरलेलं नव्हतं.