कार्ड फॉरमॅट केलंत, पण पुन्हा वापरलं नाही ना?

रविवार कारंज्याजवळच्या एका फोटो स्टुडिओतून सकाळी फोन आला. मालकाचा आवाज पार बसला होता. "ताई, एकही फोटो उघडत नाहीये. सगळ्या फाइलींच्या नावापुढे चार भलतीच अक्षरं लागलीत." मी म्हटलं, "आधी नेटची वायर काढा, वाय-फाय बंद करा, बाहेरची हार्डडिस्क सोडवून ठेवा. फॉरमॅट कुणालाही मारू देऊ नका. मी निघालेच."

प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची चिठ्ठी होती. 980 डॉलर द्या, 72 तासांत संपर्क केलात तर 490. ते आकडे बघताच ओळख पटली. हा स्टॉप, म्हणजेच डीजेव्हीयू. मोठ्या कंपन्यांपेक्षा घरगुती आणि छोट्या धंद्यातल्या माणसाला गाठणारा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, बहुतेक वेळा क्रॅक, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरमधून येणारा. इथेही तसंच झालं होतं. मदतनीस पोराने आदल्या रात्री एडिटिंगचं क्रॅक उतरवलं होतं. मालक त्याच्या अंगावर धावले, मी मध्ये पडले. पोरगा काय आणि किती वाजता उतरवलं ते खरं सांगत होता, आणि मला तेच हवं होतं.

अशा हल्ल्यानंतर सी ड्राइव्हमधल्या सिस्टिमआयडी फोल्डरात पर्सनल आयडीची फाइल असते. तिच्यातल्या आयडीचा शेवट 'टी1' असा असेल तर आशा असते. अशा वेळी मशीनचा हल्ला करणाऱ्या टोळीच्या सर्व्हरशी संपर्क झालेला नसतो, पुष्कळ लोकांच्या फाइलींना एकच किल्ली लागते, आणि ती हाती आलेली असेल तर एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीच्या फुकट डिक्रिप्टरने, म्हणजे कुलूप उघडणाऱ्या प्रोग्रामने, फाइली सुटतात. इथे शेवटची अक्षरं वेगळी होती. किल्ली फक्त टोळीकडे. मालकांना तसं स्पष्ट सांगितलं. खोटी आशा दाखवणारे पुष्कळ भेटतात. 'हमखास सोडवून देतो' म्हणणारे काही जण आतून टोळीलाच पैसे भरून वर आपली फी लावतात.

पण हा प्रकार घाईत काम उरकतो. फाइलीचे पहिले साधारण 150 केबीच तो कुलूपबंद करतो, पुढचा भाग तसाच सोडतो. चारपाच जीबीच्या लग्नाच्या व्हिडिओत 150 केबी म्हणजे काहीच नाही. त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची चांगली क्लिप नमुन्याला देऊन मी व्हिडिओ दुरुस्तीला लावले. सप्तपदीचा व्हिडिओ आवाजासकट चालू झाला तेव्हा मालक खुर्चीतून उठून उभे राहिले. छोट्या जेपीईजी फोटोंचा मात्र निभाव लागला नाही; त्यांचा बराचसा जीवच त्या 150 केबीत असतो.

मग मी कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डांचं विचारलं. फॉरमॅट केली होती, पण त्यातली दोन त्यानंतर कॅमेऱ्यात गेलीच नव्हती आणि संध्याकाळच्या हळदीसाठी बॅगेत भरून ठेवलेली होती. ती मी आधी काढून घेतली. साध्या फॉरमॅटने बहुधा यादी पुसली जाते, फोटो नव्या शूटिंगखाली दबेपर्यंत कार्डावरच असतात. रिकव्हरीत पिंपळगावच्या लग्नाचे बहुतेक सगळे फोटो आले. दुसऱ्या एका साखरपुड्याचे गेले, कारण ते कार्ड नंतर दोनदा वापरलं होतं, आणि बॅकअपची हार्डडिस्क त्या रात्री मशीनलाच लावलेली असल्यामुळे तीही कुलूपबंद झाली होती.

या प्रकारासोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही अनेकदा आत शिरतो. म्हणून बँक, ईमेल, सोशल मीडिया, सगळ्यांचे पासवर्ड माझ्या लॅपटॉपवरून बदलायला लावले, मगच विंडोज नव्याने टाकलं. चिठ्ठी आणि आयडीचे फोटो काढून सायबर पोलिसांकडे तक्रार दिली.

मालक कुलूपबंद डिस्क फेकायला निघाले होते. मी फेकू दिली नाही. शेड नावाच्या टोळीने 2020 च्या एप्रिलमध्ये काम थांबवून साडेसात लाखांहून जास्त किल्ल्या स्वतःच जाहीर केल्या होत्या. कधी पोलीस सर्व्हर ताब्यात घेतात आणि किल्ल्या हाती येतात. युरोपोल (युरोपीय संघाची पोलीस संस्था), नेदरलँड्सचे पोलीस आणि इतरांनी 2016 मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या वेबसाइटवर असे डिक्रिप्टर फुकट मिळतात. डिस्कवर तारीख आणि आयडी लिहून ती कपाटात ठेवायला सांगितली. साखरपुड्याच्या घरी काय झालं ते मालकांनी त्याच दिवशी स्वतः जाऊन सांगितलं.