डीमार्टमधून काय घ्यायचं आणि काय नाही, सोलापूरच्या बायकांनी सांगितलेलं

तूरडाळ. डीमार्टमध्ये काय चांगलं मिळतं असं सोलापुरात कुणालाही विचारा, पहिलं नाव तूरडाळीचं येतंय आणि त्याच्या मागोमाग वाद पण येतोय, कारण एकीच्या घरी ती तीन शिट्ट्यांत मऊ होते आणि दुसरीच्या घरी सहा शिट्ट्या झाल्या तरी आमटीत डाळ वेगळी नि पाणी वेगळं. डाळ तीच, पाकीट तेच, पॅकिंगची तारीख पण तीच. फरक पाण्याचा आहे. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, मधले दिवस बोअरवर काढायचे, आणि बोअरचं पाणी जड. त्यातला कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरतो म्हणून दाणा फुटत नाही. त्यात डाळीचा काय दोष?

हे कळल्यापासून माझं पक्कं मत झालंय की किराण्याची शिफारस ऐकायची तर आपल्यासारखं पाणी, आपल्यासारखं ऊन आणि आपल्यासारखा स्वयंपाक असणाऱ्या माणसाची ऐकायची. 'डीमार्टमधून हे घ्याच' वाले व्हिडिओ मी पण बघते, त्यांचं सांगणं त्यांच्यापुरतं बरोबर असतं, पण बरेचसे पुण्या-मुंबईचे, त्यांना रोज भाकरी लागत नाही, शेंगाचटणी लागत नाही आणि एप्रिलच्या दुपारी स्कूटीच्या डिकीत बटर घालून जुळे सोलापूरपर्यंत यायचं नसतं. म्हणून बिलिंगच्या लायनीत उभी राहिले की मी पुढच्या ट्रॉलीत बघते आणि सरळ विचारते, काकू हे कसं आहे ओ, आणि बायका इतकं मनापासून सांगतात, कशात मिसळायचं, कुठल्या डब्यात ठेवायचं, कुणाला आवडलं कुणाला नाही सगळं सांगतात. त्यातलं जे घरी करून बघितलं आणि पटलं ते इथं लिहिते.

तर डाळ. अशोक चौकाकडच्या एक अक्का म्हणाल्या, डाळ आधी अर्धा तास कोमट पाण्यात भिजव गं, आणि कुकरमध्ये घालायला तेवढं फिल्टरचं पाणी घे, बाकी धुवायला बोअरचं चालतंय. एवढ्यानं काम झालं. डाळ घेताना ती तेल लावलेली, चकचकीत आहे का फिकी मॅट आहे ते बघायचं, मला फिकीच आवडते, फेस कमी येतो आणि चव पण डाळीची लागते. शेजारच्या कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, ती खात्रीची कुठं मिळाली तर मी डीमार्ट सोडून तीच घेते, थोडे पैसे जास्त गेले तरी. पण महिन्याच्या रोजच्या आमटीला डीमार्टची चांगली आहे, मूगडाळ आणि मसूर तर डोळे झाकून घ्या.

डोळे झाकून म्हणजे तसं नाही, पाकीट उलटं करून बघून! प्रीमिया नावानं त्यांचा स्वतःचा जो माल येतो, डाळी, पोहे, रवा, साबुदाणा, सुका मेवा, त्याचं पाकीट पारदर्शक असतं हीच मोठी सोय आहे. उजेडात धरायचं, तळाला पिठासारखी भुकटी जास्त दिसली की समजायचं डाळ जुनी नाहीतर आत किडा. रव्याला जाळी धरलीय का बघायचं. आणि रवा घरी आणला की लगेच कोरडा भाजून गार करून डब्यात भरायचा, हे मात्र मला कुणी सांगायला नको, आमच्या सगळ्यांच्या आया हेच करत आल्या. साबुदाणा एकदम छान, मोकळा भिजतो, श्रावणात आणि नवरात्रात त्या रॅकजवळ गर्दी उगीच नसते.

आता स्वस्त का मिळतं याबद्दल पण लायनीत लय बोललं जातं, कुणी म्हणतं माल हलका असतो म्हणून. मला ते पटत नाही. बिस्किटाचा पुडा, तूप, टूथपेस्ट, हे कंपनीचं सीलबंद सगळीकडं सारखंच असतं, ते हलकं कसं होईल? राधाकिशन दमाणींनी २००२ मध्ये पवईला पहिलं दुकान काढलं तेव्हापासून त्यांची पद्धत ठरलेली आहे, शक्यतो जागा भाड्यानं न घेता स्वतःची घ्यायची म्हणजे भाडं वाढायचा प्रश्न नाही, माल देणाऱ्यांचे पैसे लवकर द्यायचे म्हणजे ते भाव कमी लावतात, आणि जो माल पटापट खपतो तोच ठेवायचा. म्हणून तिथं एका वस्तूचे पंधरा ब्रँड दिसत नाहीत. मला तर ते बरंच वाटतं, उभं राहून डोकं फिरत नाही.

शेंगदाण्यावर मात्र मी सविस्तर लिहिणार कारण हा आपल्या घरचा विषय आहे. पाकिटातले शेंगदाणे खिचडीला, पोह्याला, भाजीच्या कुटाला चांगले, आकार सारखा, खडे नाहीत, निवडायला वेळ जात नाही. पण चटणीला नाही. त्याच अक्का म्हणाल्या, चटणीचा दाणा वेगळा, तो नव्या हंगामाचा आणि तेलाचा पाहिजे, मंद आचेवर भाजून साल काढून उखळात लसूण, तिखट, मीठ, जिऱ्याबरोबर कुटला की त्याचं त्यालाच तेल सुटतं आणि चटणी चिकट होऊन बसते, मिक्सरला फिरवलं की नुसता भुगा. मी पाकिटातल्या दाण्याची पण करून बघितली, वाईट नाही झाली पण कोरडी, वरून तेल घालावं लागलं. त्यामुळं चटणीचे दाणे आपल्या ओळखीच्या दुकानातून एक दाणा तोंडात टाकून मगच घ्यायचे, डीमार्टमध्ये तोंडात टाकता येत नाही हाच तिथला तोटा. आणि कुठलेही शेंगदाणे घ्या, खवट नाहीतर बुरशीचा वास आला तर भाजून खपवू नका, सरळ टाका, त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि ते भाजून पूर्ण जात नाही.

ज्वारीबद्दल तर बोलायलाच नको. जिल्ह्यात मंगळवेढा आहे, तिथल्या ज्वारीला जीआय आहे, आख्ख्या महाराष्ट्रात भाकरीला नावाजलेली मालदांडी ३५-१ ही आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडून पुढं आलेली, आणि आपण ज्वारीच्या पिठाचं पाकीट आणायचं? माझ्या मागं उभ्या असलेल्या एका मुलीच्या ट्रॉलीत ते होतं, नवीन लग्न झालेलं, नोकरी करणारी, तिला गिरणीत जायला वेळ नाही हे मला कळतं. पण पीठ जुनं झालं की विरी जातं, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडेनं चिरते, आणि ती बिचारी स्वतःला दोष देत बसते की मला भाकरी जमत नाही. तिला मी सांगितलं, रब्बीची नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते तेव्हा जमेल तेवढी भरून ठेव, आणि आठवड्याला लागेल तेवढीच दळून आण. पीठ ताजं असलं की निम्मी भाकरी तिथंच जमते.

सुका मेवा, हा डीमार्टचा खरा हुकमी माल. विजापूर वेशीकडच्या एक खाला रमजानच्या आधी भेटल्या होत्या, ट्रॉलीत बदाम, काजू, मनुका, खारीक, सगळं शीरखुर्म्याचं सामान. त्या म्हणाल्या चारोळी आणि शेवया मी इथून घेत नाही, त्या आमच्या तिकडं ताज्या मिळतात, पण बदाम आणि खजूर इथूनच. खजुराचं पाकीट हातानं दाबून बघ म्हणाल्या, कडक गोळा झाला असेल आणि वरती पांढरी साखर दिसत असेल तर ते जुनं. डिंकाच्या लाडवाला खारीक-खोबरं घेताना मला याचा फार उपयोग झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून बदाम-खजुरावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, तूप-बटर-फरसाणावरचा पण तसाच, आणि बिस्किटं, टूथपेस्ट, अंगाचा साबण, शाम्पू १८ वरून ५ वर आले, तेव्हा घरात त्याच्या आधीचं रिकामं पाकीट असेल तर एमआरपी ताडून बघा.

तेलाचं थोडक्यात सांगते. रोजच्या तळणाला डीमार्टचं पाकीट घ्या, पण शेंगदाणा आणि करडईचं तेल मी घाण्यावरूनच आणते, आपला भाग करडईचा आहे आणि ताज्या करडईच्या तेलाचा वास पाकिटात येत नाही. खाऊच्या पाकिटांचं मागचं बारीक छापलेलं वाचायचं, जे वजनानं जास्त ते आधी लिहावं लागतं असा नियम आहे. बदामाच्या बिस्किटात मैदा, साखर, पाम तेल झाल्यावर कुठंतरी शेवटाला बदाम दिसला की मी ते परत रॅकवर ठेवते आणि पोरांना तेवढ्याच पैशात खरे बदाम देते.

कपड्याच्या साबणाचं परत पाण्यावर येतं. जड पाण्यात साबणाच्या वडीला फेस येत नाही, कपड्यावर पांढरा थर बसतो, म्हणून बोअरवाल्यांनी वडी सोडून डिटर्जंट पावडर नाहीतर लिक्विड घ्यायचं. इथं डीमार्टची मोठी पिशवी परवडते आणि ती खराब पण होत नाही, साठवायचीच असेल तर ही साठवा.

उन्हाळ्यात मार्च ते जून चॉकलेट, बटर, चीज, फ्रोझन मटार घ्यायचे नाहीत, घ्यायचेच तर सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जायचं आणि सगळ्यात शेवटी ट्रॉलीत टाकायचे. ४२-४३ डिग्रीत मटार घरी पोचेपर्यंत मऊ पडतात आणि परत फ्रीझरला टाकले की त्यांचा एकच गोळा होतो. हिवाळ्यात मात्र मंडईत ताजा मटार इतका स्वस्त असतो की पाकिटाची गरजच नाही.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. कुंभारीकडच्या एक मावशी भेटल्या, विड्या वळतात, हातात आठवड्याला पैसे येतात. त्यांच्या ट्रॉलीत सगळं पाव किलो, अर्धा किलो. मी म्हटलं मावशी मोठं पाकीट स्वस्त पडतंय ना, तर त्यांनी मला दोन पाकिटं शेजारी धरून दाखवली आणि दोन्हीचा हिशोब एकच निघाला! आता एमआरपीशेजारी एकेका ग्रॅमचा नाहीतर किलोचा भाव छापलेला असतो, किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅमचा, किलोच्या वरच्यावर किलोचा. म्हणजे लहान पाकिटावर ०.२४ लिहिलं असेल तर किलोला २४० धरायचे. फक्त एक ध्यानात ठेवा, तो भाव एमआरपीवर काढलेला असतो, डीमार्टचा भाव त्याहून कमी असतो आणि कुठल्या पाकिटावर किती कमी ते वेगवेगळं असतं, म्हणून रॅकवरचा भाव घेऊन मोबाईलवर भागाकार करायचा. मावशी तोंडीच करत होत्या. ज्यांच्या हातात महिन्याचा पगार येतो त्यांनीच एकरकमी ट्रॉली भरायची असं काही नाही, लहान पाकिटं नीट निवडली तर आठवड्याच्या पैशातही तेच भाव मिळतात, आणि माल घरात जुना पण होत नाही.

कोपऱ्यावरचं किराणा दुकान पण मी सोडलेलं नाही. जिरं, मोहरी, हिंग, चहा पावडर संपली की तिथंच जाते, आणि डाळ-तांदूळ सुटे घेतले तर त्यावर जीएसटी लागत नाही, पाकिटातल्या २५ किलोपर्यंतच्या मालावर ५ टक्के लागतो. त्यामुळं सुटा तांदूळ कधीकधी तिथं स्वस्त पडतो, विचारून बघायला काय हरकत आहे. चुरमुरे तर भट्टीवरचेच, सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा नाश्ता, करायची असेल तर पाकिटातले चुरमुरे भिजवले की लगदा होतो.

दिवाळीच्या चिवड्याचे पातळ पोहे तेवढे डीमार्टमधून घ्या, पण वसुबारसेच्या आठवड्यात नको, तेव्हा रॅकवर राहिलेलं चुरलेलं पदरात पडतं. आठ-दहा दिवस आधी आणायचे, तळाला चुरा कमी असलेलं पाकीट निवडायचं, गच्चीवर कापडावर पसरून एक कडक ऊन द्यायचं आणि चाळून डब्यात. चिवड्यात घालायचे दाणे पाकिटातले चालतील, डाळं मात्र चुरमुऱ्याच्या भट्टीवरचं.