चाकूबरोबर जाणारी पुडी

अमळनेरात 1945 साली वनस्पती तुपाचा एक कारखाना निघाला आणि पुढे त्याचीच विप्रो झाली. त्याच गावात 2014 साली माझं चाकूचं दुकान निघालं आणि ते अजून दुकानच आहे. तक्रार नाही. तीन माणसं, एक भट्टी, दोन पट्ट्याची मशिनं आणि बसस्टँडकडच्या गल्लीत एक गाळा, एवढाच पसारा.

सुरुवात छंदातून झाली. मी ट्रकच्या स्पेअरपार्टच्या दुकानात नोकरीला होतो. तुटलेले कमानपाटे, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, भंगारात जायचे, त्यातला एक तुकडा मी घरी आणला. बोरी नदीच्या काठी पाल ठोकून बसणाऱ्या एका लोहार आबांनी तो तापवून, ठोकून चपटा करून दिला. पुढचं काम मी कानशीने केलं. पातं लालबुंद करायचं, लोहचुंबक चिकटेनासं झालं की तेलात बुडवायचं. बुडवतो तेलात, तरी त्याला पाणी देणंच म्हणतात. मग दोनशे अंशांवर दोन-दोन तास, दोनदा भाजायचं, नाहीतर पातं काचेसारखं तडकतं. हे भाजणं मी घरच्या केकच्या ओव्हनमध्ये करायचो. घरात काय बोलणी खाल्ली ते इथे लिहीत नाही.

पहिले काही चाकू नातेवाइकांत वाटले. मग सखाराम महाराजांच्या यात्रेत, नदीच्या वाळवंटात टेबल टाकलं. सगळे गेले. नोकरी सोडायचं धाडस तिथे आलं.

आणि त्याच आठवड्यात बोट कापलं. धार काढल्यावर पातं पाठीकडून पुसायचं असतं. मी बोलण्याच्या नादात धारेकडून पुसलं. डाव्या तर्जनीवर अर्धा इंच चीर. दुखलं नाही. चांगल्या धारेचं हेच असतं, आधी रक्त दिसतं, मग कळतं. शेजाऱ्याने एकदांडीचा पाला चोळून दिला, आईने हळद भरली आणि वर मी गाळ्यातलंच फडकं बांधलं. तिसऱ्या दिवशी बोट भरताच्या वांग्यासारखं टम्म.

डॉक्टरांनी आधी अर्धा तास नुसतं धुतलं. हळदीचे गोळे निघाले, पाल्याचा चोथा निघाला आणि चिमट्याने काळी लोखंडाची भुकटी. मग म्हणाले, "बोट वाकव." वाकलं. कापूस बोटाच्या दोन्ही बाजूंनी फिरवून, "लागतंय का?" लागत होतं. म्हणजे बोट वाकवणारी दोरी आणि नस दोन्ही शाबूत. "धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी?" मी म्हटलं, शाळेत. त्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून आठवतं. धनुर्वात गंजाने होतो असं मी समजत होतो. गंजाचा तसा संबंध नाही. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि मळकी जखम झाकून ठेवली की त्यांना हवं ते मिळतं. माझ्या बोटात ती सोय मीच केली होती. इंजेक्शन दर दहा वर्षांनी घ्यायचं. जखम मळकी असेल आणि पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा. आता गाळ्यातल्या तिघांच्या तारखा भिंतीवर खडूने लिहिलेल्या असतात.

धंदा वाढला तशी गिऱ्हाइकांची बोटंही कापायला लागली. एक काकू चाकू परत घेऊन आल्या. "भाऊ, तुमचा चाकू लई वाईट आहे." वाईट म्हणजे काय, तर कापतो. मी त्यांना तिथेच कांदा कापायला दिला आणि बघत राहिलो. तेव्हा उमगलं. आपल्या बायकांचा हात विळीवर बसलेला. विळीवर पातं जागेवर राहतं, भाजी पुढे सरकते आणि बोटांना नेमकं कुठे थांबायचं ते ठाऊक असतं. चाकूत उलटं: भाजी जागेवर, पातं चालतं. काकूंची बोटं विळीच्याच सवयीने लांब पसरलेली. नखं आत वळवून, पेरं पात्याला टेकवून कापायला शिकवलं. चाकू घरी गेला. तेव्हापासून गिऱ्हाइकाला कांदा कापायला लावल्याशिवाय मी चाकू देत नाही, आणि कांद्याचा खर्च माझा. उलट बोथट चाकूने जास्त लागतं हेही सांगतो. टोमॅटोवर तो घसरतो, आपण जोर लावतो आणि तो जोर बोटावर येतो. पण ज्याचं बोट कापलंय त्याला हे ऐकण्यात रस नसतो.

म्हणून पुडी आली. प्रत्येक चाकूबरोबर कागदी पाकिटात निर्जंतुक गॉजचे दोन तुकडे, एक अरुंद रोलपट्टी, कागदी चिकटपट्टी आणि एक कार्ड. मलम घालायचं नाही, हे ओळखीच्या मेडिकलवाल्याने बजावलं होतं. कार्डचा मजकूर त्याच डॉक्टरांकडून तीनदा तपासून घेतला. त्यात सगळ्यात मोठ्या अक्षरांत एकच गोष्ट आहे: स्वच्छ कापडाने दाबून धरा, घड्याळ लावून दहा मिनिटं, मध्ये उघडून बघू नका. माणूस बघतोच. दर मिनिटाला उचलून बघतो, गोठलेलं रक्त सुटतं आणि "रगत थांबत नही" म्हणून फोन येतो. हात छातीच्या वर धरा. बोटाच्या मुळाशी दोरा आवळू नका, टोक निळं पडतं. मग वाहत्या पाण्याने धुवा, साबण जखमेच्या भोवती. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ चार-चार दिवसांनी येतो, तेव्हा टाकीतलं नाही, पिण्याचं पाणी वापरा, असं कार्डावर लिहिलंय. हळद, चुना, कॉफी, तंबाखू, बिडीची राख, रॉकेल यांतलं काहीही नको. छंदवाले लोक फेविक्विक लावतात, तेही नको; दवाखान्यातला डिंक वेगळा असतो. पट्टी रोज बदला. मे महिन्यात घामाने सुटते, तेव्हा दोनदा.

आणि दवाखान्यात कधी जायचं. पंधरा मिनिटं दाबूनही थांबलं नाही, कडा उघड्या राहिल्या, आतलं पिवळं दिसलं, बोट वाकेना किंवा टोक बधिर झालं, तर लगेच. टाके घालायचे असतील तर सकाळची वाट पाहू नये. साखर असलेल्यांनी छोटी चीरही दाखवावी, त्यांना दुखण्यावरून अंदाज येत नाही. नंतर लाली पसरली, पू आला, ताप आला, तरीही.

"वारं लागू दे, खपली धरू दे" हे आमच्या आईचं ठाम मत होतं. 1962 साली जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने डुकरांच्या कातडीवर दाखवलं होतं की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर भरते. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "डुकराचं डुकराला." तिच्यापुरता तो विषय संपला.

गाळ्यात मात्र कुणाचं मत चालत नाही. मूठ बसवताना पात्याला चिकटपट्टी गुंडाळलेली हवी. पॉलिशच्या चाकावर हातमोजे बंद, चाक मोज्यासकट हात ओढून नेतं. हातातून पातं निसटलं तर झेलायचं नाही, पाय मागे घ्यायचे. एका पोराने एकदा झेललं. चार टाके.

लॉकडाऊनमध्ये लोक घरी बसून स्वयंपाक करायला लागले आणि धार लावायचं काम इतकं वाढलं की नवीन चाकू बाजूला राहिले. मधली दोन वर्षं तशीच गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

आता चोपडा-रावेरकडून केळीचं काम येतं. घडाच्या फण्या सोडवायला छोटं, किंचित वाकडं पातं लागतं. ओल्या हातात, चिकाने बुळबुळीत झालेल्या मुठीत ते चालतं, म्हणून मुठीला खाचा पाडतो. फण्या तुरटीच्या पाण्यात धुतात. कुणाचं बोट कापलं की हात त्याच टाकीत बुडवतात, कारण तुरटीने रक्त थांबतं. थांबतं खरं, पण त्या टाकीत दिवसभराचा चीक आणि माती असते. यासाठी नवीन कार्ड करतोय, चित्रांचं, कारण कापणीला येणाऱ्या सातपुड्यातल्या पावरा आदिवासी मंडळींतल्या बऱ्याच जणांना मराठी वाचता येत नाही. चित्रं माझी मुलगी काढते. सगळं जमलं, दहा मिनिटं मात्र काढता येईनात. घड्याळ काढलं तर एक मजूर म्हणाला, शेतात घड्याळ कोण बघतं, दोन बिड्या काढा, तेवढाच वेळ लागतो. मुलीने दोन बिड्या काढल्या. डॉक्टरांनी कार्ड बघून डोक्याला हात लावला. आणि आमच्या गाळ्यातला पोरगा विचारतोय की एका हाताने दुसरा दाबून धरल्यावर बिडी पेटवणार कोण.