टाकी उतरवायच्या आधी बंब विझवला

गाडी सुरू व्हायची, दोन मिनिटं शहाण्यासारखी चालायची आणि गोगटे सर्कल आलं की मान टाकायची. बाबांची २००६ ची शंभर सीसीची मोटरसायकल, कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग असलेली. यंदाचा सगळा पावसाळा ती परड्यात ताडपत्रीखाली उभी होती, आणि बेळगावचा पाऊस ताडपत्रीला जुमानत नाही. गॅरेजवाल्यानं दोनदा कार्बोरेटर साफ केला, दोनदा पैसे घेतले, आठवड्याभरात परत तेच.

शेवटी मीच कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल केला आणि येईल ते काचेच्या ग्लासात धरलं. वर पेट्रोल, तळाशी पाण्याचे टपोरे थेंब, आणि थेंबांभोवती विटकरी भुकटी. टाकीच्या झाकणाचं रबर बघितलं तर चिरलेलं. म्हणजे पाणी तिथून आत, आणि पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे थेट तळाला. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल धरून ठेवतं. आतून पत्रा गंजायला आणखी काय लागतं? कार्बोरेटर कितीही पुसा, वरून गंज येतच राहणार. टाकी उतरवल्याशिवाय सुटका नव्हती.

रविवारी सकाळी परड्यात गोणपाट अंथरलं, दहा आणि बारा नंबरचे पाने, पक्कड, जुने बनियन असा जामानिमा मांडला. टाकीखालच्या कॉकचा, म्हणजे पेट्रोलच्या तोटीचा, पाइप ओढणार, एवढ्यात कुंपणावरून शेजारचे काका. उद्यमबागेत फाउंड्रीत आयुष्य गेलेला माणूस.

"काय करालास रे?"

"टाकी काढतोय, काका."

त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही. न्हाणीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "आणि तो बंब?"

सकाळच्या आंघोळीचा बंब. वरून राख दिसत होती, फुंकर घातली तर आत लालबुंद निखारे. गाडीपासून दहा-बारा पावलांवर. मी म्हटलं, लांब आहे की. काका म्हणाले, "पेट्रोल लांब असतंय, वाफ कुठं लांब असतीय?" आणि ते खरंच आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. धुरासारखी वर जात नाही, पाण्यासारखी जमिनीलगत उतार धरून सरकते. आमच्या परड्याचा उतार न्हाणीकडेच आहे. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ मिसळली तरी पेट घ्यायला पुरते, आणि वाफ धरायला ऊन लागतच नाही. शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट्रोलची पेटण्याइतकी वाफ होते. मी बोल्ट कुठला, पाना कुठला याचा अभ्यास करून बसलो होतो. विस्तवाचा विचारच केला नव्हता.

दोन बादल्या पाणी ओतून बंब विझवला. आईचा अजून देव व्हायचा होता, तिला समई आणि उदबत्ती थांबवायला लावली, त्यावरून बोलणीही खाल्ली. मागच्या दाराला लागून फ्रिज आहे, त्याची ठिणगी कधी पडेल सांगता येत नाही, म्हणून ते दार लावलं. मोबाइल आत. बांधकामाची वाळू एक बादली जवळ ठेवली. पेट्रोल पेटलं तर पाणी मारायचं नाही, पेट्रोल त्यावर तरंगत आग घेऊन पसरतं.

मग बॅटरी. आधी निगेटिव्ह वायर. पॉझिटिव्हला हात घालताना पाना चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, लागला तर ठिणगी उडते. निगेटिव्ह सुटलेली असली की तो धोका राहत नाही.

इंजिन रात्रभर थंडच होतं. कॉक बंद केला, कार्बोरेटरकडचा पाइप काढला आणि त्याला लांब नळी जोडून पत्र्याच्या कॅनमध्ये सोडली. कॅन जमिनीवरच ठेवलेला. मग कॉक रिझर्व्हवर, कारण रिझर्व्हची नळी सगळ्यात खालून ओढते. तोंडानं ओढायची गरजच पडत नाही, आणि कुणी ओढूही नये. चार लिटरच्या आसपास निघालं, म्हणजे तीनेक किलो वजन कमी झालं. तेवढ्यात वास आला. गाडीपाशी नाही, न्हाणीच्या दारात. तिथं आई बादली घ्यायला वाकली होती, ती पदर नाकाला लावून म्हणाली, "इथं कुठनं पेट्रोल?" काका कुंपणावरून नुसते बघत राहिले.

पुढचं काम खरं तर किरकोळ. सीट काढली, सीटखाली टाकीचा मागचा एकच बोल्ट, रबर आणि वायसरसकट. कुठलं वायसर वर, कुठलं खाली हे विसरू नये म्हणून ते त्याच क्रमानं तारेत ओवून ठेवले. टाकी मागून उचलायची आणि सीटकडे ओढायची. पुढून ती दोन रबरांवर अडकलेली असते. अठरा वर्षांहून जुनी रबरं पत्र्याला चिकटून बसलेली. साबणाचं पाणी सोडलं, डावी-उजवीकडे हलवलं, हललीच नाही. तिसऱ्या हिसक्याला करकरत एकदम सुटली आणि पेट्रोल काट्याची वायर ताणली गेली. ती आधी सोडवायची राहिली होती. नशीब, वायरचा जोड (कपलर) आपोआप निघाला, वायर तुटली नाही.

रिकामी टाकी घरात आणली नाही. रिकामीत पेट्रोल नसतं, वाफ असते, आणि भरलेलीपेक्षा ती वाईट. काकांनी बजावलं, कुणी वेल्डिंगला घेऊन ये म्हटलं तरी जायचं नाही. गंज काढायला व्हिनेगर भरून एक दिवस ठेवलं, मूठभर जुने नट टाकून हलवलं, सोड्याच्या पाण्यानं धुतलं, उन्हात खणखणीत वाळवलं. झाकणाचं रबर आणि पाइप नवीन.

नवीन इंजेक्शनवाल्या गाड्यांत टाकीत पंप असतो, पाइपात दाब असतो. तिथं हा प्रकार करू नका, पाइप ओढला की पेट्रोल फवाऱ्यासारखं अंगावर येतं.

बसवताना उलटा क्रम. पेट्रोल भरून कॉक चालू केला, अर्धा तास पाइपाला बोट लावून बघितलं, कोरडा. मगच बॅटरी जोडली. दुसऱ्या किकला सुरू, आणि गोगटे सर्कल ओलांडून खानापूर रोडनं सरळ पिरनवाडीपर्यंत.

पण त्या रविवारी घरात सगळ्यांच्या आंघोळी उशिरा झाल्या. अकरा वाजता आई न्हाणीच्या दारात उभी राहून जमिनीलगत वास घेत होती. मग काकांनाच विचारलं तिनं, "भावजी, आता घालू काय हो विस्तव?"