ताई, सध्या मेकर कोण आहे?

काल संध्याकाळी विभागातल्या ज्युनियरचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "ताई, सध्या मेकर कोण आहे?" बाहेरच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही. जेआरएफवर, म्हणजे पीएचडी करताना दर महिन्याला मिळणाऱ्या सरकारी फेलोशिपवर, जगणाऱ्याला बरोब्बर कळतं.

नेटची परीक्षा देऊन जेआरएफ लागली की पैसे आपोआप खात्यावर पडतात, असं घरच्यांना वाटतं. मलाही वाटायचं. खरं म्हणजे विद्यापीठातल्या एकाने दर महिन्याला फेलोशिपच्या पोर्टलवर नोंद टाकायची की ही मुलगी काम करतेय. तो मेकर. दुसऱ्याने ती तपासून पुढे सोडायची, तो चेकर. दोघांपैकी एक जरी जागेवर नसला तरी तुमचा महिना गेला.

२०२२ च्या जूनमध्ये आमचे मेकर भाऊसाहेब आजारी रजेवर गेले. पासवर्ड त्यांच्यापाशी. त्यांचा काय दोष? ऑपरेशन झालं होतं बिचाऱ्यांचं. दुसरा माणूस नेमायला मात्र विद्यापीठाला सप्टेंबर उजाडला.

माझं काम वायतुऱ्यावर. साताऱ्याजवळ कासच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उगवणारी ही वनस्पती उन्हाळाभर जमिनीखाली नुसता कंद होऊन पडलेली असते. पाऊस लागला, कातळावरच्या खळग्यांत पाणी साचलं की पानं येतात, आणि मग इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला गुलाबीसर तुरा. म्हणून वायतुरा. मोजणी करायची ती पावसाळ्यातच, दर आठवड्याला. त्या हंगामात माझ्या फक्त दोन फेऱ्या झाल्या, त्याही धाकट्या भावाकडून उसने घेऊन. आई फोनवर विचारायची, "पगार झाला का गं?" पगार नाही, फेलोशिप, हे समजावणं मी तेव्हाच सोडलं.

डिसेंबरात संशोधनाची प्रगती तपासणाऱ्या सल्लागार समितीपुढे उभी राहिले. शेरा मिळाला: डेटा अपुरा. तो पुरा करायचा तर पुढच्या पावसाची वाट बघायची. तीन महिन्यांची दिरंगाई मला एका वर्षाला पडली.

आकस्मिक खर्चाचे वर्षाला १२,००० असतात, पण आधी खिशातून घाला, मग बिलं लावा. जीपवाल्याची हाताने लिहिलेली पावती परत आली. जीएसटी नंबर नाही म्हणून. त्याला सांगितलं तर तो हसतच सुटला. "मॅडम, एवढा धंदा असता तर जीएसटी काढला नसता का?"

त्याच सुमारास विद्यापीठाने संशोधकांसाठी तणावमुक्तीची कार्यशाळा ठेवली. एसी सभागृह, चहा-बिस्किटं, डोळे मिटून दीर्घ श्वास. मी घेतला, प्रामाणिकपणे. बाहेर आल्यावर बॅलन्स बघितला, ४१२ रुपये. समुपदेशनाची गरज नसते असं मी म्हणत नाही. माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी त्यामुळेच टिकली. पण माझ्या छातीवरचं ओझं एका सहीने उतरण्यासारखं होतं.

पुढच्या वर्षी नव्या विभागप्रमुख मॅडम आल्या. त्यांनी विभागाच्या निधीतून फिल्डवर जाणाऱ्याला १०,००० रुपयांची उचल सुरू केली. हिशोब परत आल्यावर द्यायचा. साधी पावती आणि तिच्यावर गाईडची सही चालायची. आणि प्रत्येकाचा हंगाम कुठल्या महिन्यात येतो याची यादी करून त्यांनी ती फेलोशिप विभागात स्वतः नेऊन दिली. कुणाची फुलं ऑगस्टात, कुणाचे बेडूक जूनमध्ये, कुणाचं शेवाळ थंडीत. भाऊसाहेबांनी ती टेबलाच्या काचेखाली सरकवली. पुढे जेआरएफही, जानेवारी २०२३ पासून लागू धरून, ३१,००० ची ३७,००० झाली. त्या पावसाळ्यात माझ्या अकरा फेऱ्या झाल्या.

पोर्टलवर मात्र अजूनही एकच मेकर आहे. तो रजेवर गेला तर त्याच्या जागी कोण बसणार, हे जूनच्या आधी ठरवून ठेवायला किती खर्च येतो?

ज्युनियरला मेकरचं नाव सांगितलं. चेकरचाही नंबर दिला. म्हटलं, "सकाळी अकराच्या आत जा, आणि उद्याच जा. शनिवार-रविवार मध्ये घालू नकोस."

"बरं. ताई, कासला पाणी साचलं का?"

"साचलंय म्हणतात."