सांगलीहून ड्रेस्डेनला: परदेशातल्या एका सेमिस्टरची तयारी

मागच्या हिवाळ्यात, म्हणजे सप्टेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत, एम.टेक.चं तिसरं सेमिस्टर मी जर्मनीत ड्रेस्डेनला केलं. आमच्या कॉलेजचा तिथे करार आहे. परत आल्यापासून ज्युनिअर मुलामुलींचे फोन चालू आहेत आणि जवळजवळ सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: खर्च किती आला? तो सांगतेच पुढे. पण त्याच्याआधी दुसरा प्रश्न विचारा, अगदी पासपोर्टच्याही आधी: तिथे शिकलेले विषय इथे धरले जाणार आहेत का? याचं उत्तर लेखी मिळाल्याशिवाय एक रुपयासुद्धा खर्च करू नका.

करार म्हटलं की आपल्याला वाटतं सगळं ठरलेलंच आहे. तसं नसतं. भिंतीवर फ्रेम करून लावलेला एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, बहुतेक वेळा फक्त 'दोन्ही संस्था सहकार्य करतील' एवढंच म्हणतो. विद्यार्थी पाठवायला वेगळा एक्स्चेंज करार लागतो. दरवर्षी किती विद्यार्थी जाणार, तिथली फी माफ आहे का, अर्जाची तारीख काय, हे त्यात लिहिलेलं असतं. तो कागद परदेश संबंध पाहणाऱ्या सरांकडून किंवा मॅडमकडून मागून घ्या आणि स्वतः वाचा. फी माफ नसेल तर सगळा हिशोबच बदलतो.

मग लर्निंग अॅग्रीमेंट. तुम्ही तिथे कोणते विषय घेणार आणि त्या बदल्यात इथले कोणते विषय सुटणार, याचा हा तक्ता. त्यावर तुमची, इथल्या कॉलेजची आणि तिथल्या विद्यापीठाची अशा तीन सह्या असतात. युरोपात एका सेमिस्टरला ३० ईसीटीएस क्रेडिट धरतात आणि एक ईसीटीएस म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम. त्यात वर्गातले तास आले आणि घरी बसून केलेला अभ्यासही आला. आपल्याकडे लेक्चरच्या एका क्रेडिटला सेमिस्टरभरात १५ तास शिकवणं धरतात. दोन्ही मापं वेगळी आहेत, त्यामुळे तिथले ५ म्हणजे इथले किती, हे विभागप्रमुखांकडून लिहून घ्या. कॉलेज स्वायत्त असेल तर हे अकॅडमिक कौन्सिलमध्ये मंजूर होतं. संलग्न असेल तर सांगली-साताऱ्याच्या मुलांना कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठापर्यंत जावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. आमच्या एचओडी मॅडमनी प्रत्येक विषयाचा तिकडचा अभ्यासक्रम मागवला आणि इथल्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहिला. तेव्हा मला ते फार सावकाश वाटलं होतं. आता सांगते, त्या दोन दुपारी नसत्या तर माझं वर्ष वाया गेलं असतं. तिथे पोचल्यावर एक विषय वेळापत्रकात दुसऱ्यावर आला. पर्यायी विषय मॅडमनी आधीच तपासून ठेवला होता, म्हणून एका ईमेलमध्ये काम झालं. तुम्हीही दोन-तीन विषय जास्तीचे मंजूर करून ठेवा.

कोणत्या सेमिस्टरला जायचं हे आपल्या सोयीनं ठरत नाही. जर्मनीत हिवाळी सत्राची लेक्चर ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतात, उन्हाळी सत्राची एप्रिलपासून जुलैपर्यंत, आणि परीक्षा त्यानंतर. आपली सत्रं जुलै-डिसेंबर आणि जानेवारी-मे. दोन्ही नीट जुळत नाहीत, कुठेतरी ओढाताण होतेच. एम.टेक.ला तिसरं सेमिस्टर बरं पडतं, कारण त्यात विषय थोडे आणि प्रोजेक्ट जास्त. बी.टेक.वाल्यांनी मात्र सातव्या सेमिस्टरला जाण्याआधी दहादा विचार करावा, कारण कॅम्पस प्लेसमेंटचे दिवस तेच. आठव्यात इंटर्नशिप असेल तर ती तिकडे करता येते का हे विचारा, तो मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो. आणखी एक, जर्मनीत इंग्रजीतून शिकवले जाणारे विषय मुख्यतः मास्टर्सला असतात. बी.टेक.च्या मुलांना तिथला विषय जर्मनमधूनच असल्याचं उशिरा कळतं, म्हणून अभ्यासक्रमाच्या पानावर शिकवण्याची भाषा आधी बघा.

हिवाळी सत्राला जायचं तर आदल्या वर्षीच्या दिवाळीपासून कामाला लागा. कॉलेजातून नाव पुढे जायची आणि तिकडच्या अर्जाची मुदत साधारण मे-जूनला संपते, त्याआधी निवड, सह्या, पासपोर्ट. पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये, तत्काळला वर २,००० जास्त. घरी पोलिस पडताळणीला येतात तेव्हा कोणीतरी घरात असू द्या. हॉस्टेलचा आणि घरचा पत्ता यांत घोळ घालू नका.

आता पैसे. एक्स्चेंजला शिकवणी फी नव्हती. सेमिस्टरचं अंशदान भरायचं, ते तीनशे-सव्वातीनशे युरोच्या घरात, आणि त्यातच शहरातल्या ट्राम-बसचा पास येतो. खरा भार ब्लॉक्ड अकाउंटचा. राहण्याखाण्याइतके पैसे आहेत हे दाखवायला महिन्याला ९९२ युरो या दराने रक्कम आधीच तिकडच्या खात्यात अडकवून ठेवावी लागते. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो होतात, आणि युरो शंभराच्या पुढे गेलाय, म्हणजे सहा लाखांच्या वर. हा खर्च नव्हे, तुमचेच पैसे दर महिन्याला परत मिळतात, पण ते एकदम उभे करावे लागतात. आमच्याकडे बाबांनी त्यासाठी ठेव मोडली. ज्यांच्याकडे ठेव नाही त्यांनी कर्जाची बोलणी निवड झाल्याबरोबर सुरू करावीत, व्हिसाची तारीख जवळ आल्यावर नाही. परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते तो कर, म्हणजे टीसीएस, वर्षाला १० लाखांपर्यंत नाही, त्यामुळे एका सेमिस्टरला त्याची चिंता नको. करारासोबत युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेचा निधी असेल तर प्रवासखर्च आणि महिन्याचा भत्ता मिळतो. त्याचा अर्ज स्वतंत्र करता येत नाही, कॉलेजमार्फतच होतो. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पुष्कळ जण विचारतात. ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पूर्ण पदव्युत्तर पदवी किंवा पीएच.डी.साठी आहे, एका सेमिस्टरला नाही.

तिथे महिन्याला माझी खोली साधारण साडेतीनशे युरोची, आरोग्य विमा दीडशेच्या आसपास, किराणा आणि कॅन्टीन मिळून दोनशे ते अडीचशे. रोज हातानं स्वयंपाक केला तर ९९२ मध्ये भागतं. हिंडायला जायचं असेल तर वेगळे ठेवा.

व्हिसासाठी महाराष्ट्र मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे येतो. अर्ज आधी ऑनलाइन भरायचा, कागद तिथेच चढवायचे, मग बोटांचे ठसे द्यायला केंद्रावर जायचं. राष्ट्रीय व्हिसाची फी ७५ युरो. स्वतःच्या हेतूचं पत्र लिहावं लागतं. ते नेटवरून उचलू नका. मी माझ्या पत्रात लिहिलं की आमच्या घरात २०१९ साली कृष्णेचं पाणी आलं होतं आणि मला पूर व्यवस्थापन शिकायचंय. ते खरं होतं, म्हणून लिहायला एक संध्याकाळ पुरली.

सामानाबद्दल घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे नाहीत, आजीच्या हातचं तूप नाही, खव्याचं काही नाही. आजीला हे पटवायला फार वेळ लागला. भडंग, कांदा-लसूण चटणी, हळद, बेदाणे, पोहे, मेतकूट हे सगळं बिनघोर न्या. भडंगाचा मोठा डबा होस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात उघडला की ओळखी आपोआप होतात. छोटा कुकर न्या. तीन पिनांच्या प्लगला अॅडॉप्टर लागेल. जाड जाकीट इथे घेऊ नका, इथलं तिथल्या थंडीला पुरत नाही आणि बॅगेतली जागा खातं.

विमान मुंबईहून. सांगली-मिरजेच्या मुलांना रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची, सकाळी मुंबईत. पण विमान सकाळचं असेल तर आदल्या दिवशीच मुंबईत पोचा, पावसाळ्यात घाटात गाडी अडकते. तिकीट काढताना वार बघा, ही गोष्ट मला सिनिअर ताईनं सांगितली होती आणि मी ती सगळ्यांना सांगते. खोलीची किल्ली देणारा माणूस फक्त कामाच्या दिवशी, ठरलेल्या वेळात असतो. शनिवारी संध्याकाळी पोचलात तर सोमवारपर्यंत बाहेर राहावं लागेल, आणि रविवारी दुकानंही बंद. ३ ऑक्टोबरला त्यांची राष्ट्रीय सुट्टी असते, तीही टाळा. सोमवार ते गुरुवार, दुपारच्या आत पोचाल असं बघा. फ्रँकफर्टहून ड्रेस्डेनला रेल्वेने साडेचार तासांच्या आसपास लागतात, बर्लिनहून दोन.

पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला आन्मेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या किंवा होस्टेलच्या सहीचा कागद लागतो, किल्ली घेतानाच तो मागा. नोंदणीची वेळ सांगलीत असतानाच ऑनलाइन घेऊन ठेवा. तिकडचा विमा विद्यापीठात प्रवेश पक्का झाल्या दिवसापासून लागू होतो, त्याआधीच्या दिवसांसाठी प्रवास विमा हवाच. वर्ग इंग्रजीत असले तरी ऑफिसची पत्रं जर्मनमध्ये येतात. ए-१, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीचा, जर्मनचा कोर्स करून जा, पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा ऑनलाइन. मी केला होता आणि त्याचा उपयोग झाला.

अभ्यासाविषयी दोन गोष्टी जपा. हजेरी कोणी घेत नाही, मधल्या चाचण्या नाहीत, शेवटी एकच परीक्षा. आणि त्या परीक्षेची नोंदणी वेगळी, ठरलेल्या तारखेच्या आत, स्वतः करायची असते. वर्गात रोज बसलात तरी नोंदणी नसेल तर पेपर देता येत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा असाच विषय गेला.

मी ड्रेस्डेन का निवडलं तेही सांगते, कारण जागा निवडताना बहुतेक जण शहराचं नाव बघतात आणि विषय मागे पडतो. सांगलीत पाऊस लागला की पहिलं वाक्य 'आयर्विनला किती फूट?' हेच असतं. आयर्विन म्हणजे आमचा कृष्णेवरचा पूल, पाणी तिथे मोजतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ड्रेस्डेनला एल्बे नदी आहे. २००२ च्या ऑगस्टमध्ये तिथे ९.४० मीटरचा विक्रमी पूर आला. वाइसेरिट्झ नावाची तिची उपनदी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वळवलेली होती. त्या पुरात ती आपल्या जुन्या पात्रात परतली आणि थेट मुख्य रेल्वे स्टेशनात शिरली. हे वर्गात शिकले आणि मग स्टेशनच्या फलाटावर उभी राहून पाणी कुठून आलं असेल ते पाहिलं. पिल्निट्झच्या राजवाड्यात नदीकडच्या पायऱ्यांजवळ भिंतीवर वेगवेगळ्या वर्षांच्या पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत, मी बोटांनी एकेक वर्ष वाचलं. पण मला सगळ्यात जास्त दिसलं ते शहराच्या मधोमध नदीकाठी मोकळं सोडलेलं रुंद गवताळ रान. पूर आला की पाणी तिथे पसरतं. एरवी लोक सायकली चालवतात, मुलं खेळतात. पाण्याला वाट द्यायला खोदलेले पूरकालवे वेगळे आहेत, आणि वर्षातले बहुतेक दिवस ते कोरडे असतात. आपल्याकडे २५ वर्षांच्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांच्या पुराची लाल रेषा नकाशावर आहे, आणि तरी कर्नाळ रोड, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट या भागांत लोकांचे संसार दर पुराला वर हलवावे लागतात. माझा प्रबंध आता याच विषयावर आहे. नद्यांचे प्रयोग करणारी कायमची प्रयोगशाळा ह्युबर्ट एंगेल्स यांनी १८९८ साली ड्रेस्डेनलाच उभारली, आणि तिथल्या तांत्रिक विद्यापीठातल्या प्रयोगशाळेला आज त्यांचं नाव आहे. जलविज्ञानाच्या मुलांनी ती जरूर बघावी. तुमचा विषय द्राक्षं असेल, साखर असेल, हळदीची प्रक्रिया असेल, तर त्या विषयाचं काम कुठे चालतं ते आधी शोधा आणि मग करारांची यादी बघा.

डिसेंबरात दुपारी चार-सव्वाचारला अंधार पडतो. त्याचा मनावर परिणाम होतो, हे खरं आहे, हलकं घेऊ नका. रोज दुपारी थोडं तरी बाहेर चाला आणि घरी फोनची वेळ ठरवून घ्या. घड्याळ तिकडे हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं. आईचा फोन रात्री साडेनऊला यायचा, तेव्हा माझे पाच वाजलेले असायचे.

निघण्याआधी पत्त्याची नोंद रद्द करा, आणि तसं पत्र दिलं तर ते जपून ठेवा. विम्याला, बँकेला कळवा. ब्लॉक्ड खात्यात पैसे उरले असतील तर ते कसे परत येतील हे तिथे असतानाच विचारून घ्या. तिकडचा निकाल मार्च-एप्रिलपर्यंत लांबू शकतो, तोवर इथल्या गुणपत्रिकेत तुमची जागा रिकामी दिसेल, म्हणून परीक्षा विभागाला जाण्याआधीच अर्ज देऊन ठेवा. आणि गुण बघणाऱ्या क्लार्कना आधी समजावून सांगा की जर्मनीत १.० सगळ्यात वरचा, ४.० ला पास आणि ५.० नापास. माझ्या १.७ कडे बघून त्यांनी काळजीनं विचारलं होतं, पोरी, परत बसायला लागणार का? विभागप्रमुखांच्या सहीचा रूपांतराचा तक्ता निकालासोबतच जोडून द्या, म्हणजे फाईल टेबलावर अडकत नाही.