सुडो लावलं आणि सुडोच गेलं

गिरगावात आम्ही पागडीच्या खोलीत राहतो. वापर आमचा, मालकी दुसऱ्याची, हे मला लहानपणापासून पाठ आहे. लॅपटॉपवर तेच कळायला मात्र अख्खी रात्र गेली.

२०१९ चा पावसाळा, लॅपटॉपवर उबुंटू १८.०४ (लिनक्सचा एक प्रकार). एनपीएमने (नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामची पॅकेजं बसवणारं साधन) एक पॅकेज ग्लोबल, म्हणजे सगळ्या प्रोजेक्टसाठी, टाकायला गेलो तर 'परमिशन डिनाइड'. सवयीने पुढे सुडो लावलं, म्हणजे कमांड रूटच्या, सिस्टमच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालवली; काम झालं. दोन दिवसांनी साध्या प्रोजेक्टमध्ये सुडोशिवाय इन्स्टॉल केलं तर पुन्हा तोच एरर, आणि तोही माझ्याच होममधल्या (माझ्या स्वतःच्या फाइलींच्या जागेतल्या) डॉट-एनपीएम फोल्डरवर! एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारून पाहिलं, मालकाच्या रकान्यात रूट. उबुंटूत तेव्हा सुडो लावला तरी होम आपलंच राहायचं, १९.१० पासून ते बदललं. त्यामुळे एनपीएमची कॅशे (उतरवलेल्या पॅकेजचा साठा) पडली माझ्या घरात, पण रूटच्या नावाने.

तेवढं एक फोल्डर चाऊनने (मालक बदलणाऱ्या कमांडने) माझ्या नावावर केलं असतं तर विषय संपला होता. पण मी वैतागलेलो. पहिल्या एररमध्ये यूएसआर-लिब, म्हणजे सिस्टमचे प्रोग्राम ठेवणाऱ्या यूएसआरमधलं फोल्डर, दिसलं होतं, म्हटलं रोजची कटकटच नको. अख्ख्या यूएसआरवर सुडो चाऊन मायनस आर (आतल्या सगळ्यासकट), पुढे माझं नाव, एंटर.

पुढच्याच सुडोला उत्तर आलं: सुडोच्या फाइलचा मालक यूआयडी ० (म्हणजे रूट) हवा आणि तिच्यावर सेटयूआयडी बिट (एक खास परवानगी) हवा. म्हणजे चूक निस्तरायला सुडो हवा, आणि मोडला होता तोच.

मावसभाऊ सर्व्हर सांभाळतो. रात्री साडेअकराला त्याने फोन उचलला हेच खूप.

"यूएसआरवर? मायनस आर?" मग बराच वेळ नुसतं हसणं. "रीस्टार्ट कर. ग्रबमधून रिकव्हरी मोड, मग रूट शेल."

ग्रब म्हणजे लॅपटॉप चालू होतानाचा मेन्यू; तिथल्या रिकव्हरी मोडमध्ये सुडोशिवाय थेट रूट म्हणून कमांड देता येतात. तिथे डिस्क आधी लिहिता येईल अशी (रीड-राइट) माउंट करावी लागली. मग यूएसआरची मालकी परत रूटला. "ग्रुपला हात लावू नकोस रे, तो तू बिघडवलेला नाहीस," हे त्याने तीनदा बजावलं (फाइलीला मालकाशिवाय एक ग्रुपही असतो). तरी सुडो चालेना! कारण चाऊन मालक बदलतो तेव्हा प्रोग्रामवरचा सेटयूआयडी बिटही पुसतो, आणि मालक परत दिला म्हणून तो परत येत नाही. सीएचमॉड (परवानग्या बदलणारी कमांड) ४७५५ दिल्यावर सुडो उठला. त्यातला ४ म्हणजेच तो बिट: चालवणारा कोणीही असो, प्रोग्राम चालतो मालकाच्या अधिकाराने. पासवर्ड बदलणारा प्रोग्राम, पीकेएक्झेक (सुडोसारखाच एक), क्रॉनटॅब (ठरल्या वेळी कामं लावणारा), सगळ्यांचे असे खास बिट उडाले होते. ती पॅकेजं मी एपीटीने (उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेज साधनाने) पुन्हा बसवली.

मग डॉट-एनपीएम माझ्या नावावर केलं. होममध्ये रूटच्या नावाचं आणखी काय आहे ते फाइंडने शोधलं, तर डॉट-कॉन्फिगमध्ये कॉन्फिगस्टोअर (सेटिंग्जचं फोल्डर) निघालं, तेही सोडवलं. नोड आता एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने) होममध्येच बसवलाय. ग्लोबल पॅकेजसुद्धा तिथेच पडतात, सुडो लागत नाही.

भावाने ही गोष्ट गणपतीत सगळ्यांना सांगितली. आईने एवढंच विचारलं, "मग खोली आपल्या नावावर झाली का?"